इंगिह म्हणजे हो नव्हे

कॅन्टीनच्या मागे, भांडी विसळल्याचं पाणी जिथे गटाराला जाऊन मिळतं आणि त्या पाण्यावर केळी माजलेल्या आहेत, तिथे ती खोली आहे. दारावरच्या पाटीचं नाव चांगलं लांबलचक आहे, त्यात 'शाश्वत' आहे, 'विकास' आहे, 'केंद्र'ही आहे. पण जावा बेटावरच्या जोग्जा शहरातल्या त्या विद्यापीठात कोणालाही पत्ता विचारा, तो म्हणणार, "बू पालुपींची खोली ना? नाकासमोर नको, नाकाने जा." कारण खोलीच्या भिंतीला टेकून ओल्या कचऱ्याची पिंपं मांडलेली. अननसाची सालं, भाताची खरवड, कोंबडीची हाडं, काय वाटेल ते त्यात पडायचं आणि बू पालुपींच्या देखरेखीखाली त्याची काळी माती व्हायची.

बू म्हणजे बाई, आईसारखी; आणि या बू पालुपी मातीच्याच. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई; डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि बोटांच्या पेरांत कायमचा काळसरपणा. तरुणपणी शेतकी विभागाच्या प्रयोगशाळेत नळ्या धुवायला लागल्या, मग मातीचे नमुने सांभाळू लागल्या. पुढे विद्यापीठाने हिरवं व्हायचं मनावर घेतलं. प्राध्यापकांची समिती झाली, समितीचा समारंभ झाला आणि काम तेवढं बू पालुपींच्या पदरात पडलं. दर सत्राला प्रशिक्षणासाठी मुलं यायची. त्यांना गुण द्यायचे प्राध्यापकांनी. बाकी सगळं द्यायचं बूंनी. कोणाशी कसं बोलावं, चपला कुठे काढाव्यात, कचऱ्यात हात घालायची किळस कशी घालवावी, हे सगळं. शिवाय दुपारचं जेवण चुकवलेलं त्यांना वासावरून कळायचं. "तोंडाला उपाशी वास येतोय," म्हणत त्या डबा पुढे सरकवायच्या. त्यांना पोटचं मूल नव्हतं. त्याचं त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडचा डबा दोन माणसांच्या मानाने फार मोठा होता.

त्या वर्षी जी मुलं आली त्यांत तोगार होता. तो सुमात्राचा, बाताक जमातीचा. आवाज असा की कानात सांगितलेलंही अंगणात ऐकू जावं. पहिलंच काम त्याला मिळालं ते कॅन्टीनमधल्या बायकांना भेटायचं. त्या बायका थंड चहा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला दोरा बांधून, नळी खुपसून द्यायच्या. त्याऐवजी काचेच्या ग्लासात द्यावा, एवढं त्यांच्या गळी उतरवायचं होतं. तोगार गेला आणि थोड्याच वेळात छाती काढून परत आला.

"झालं काम, बू! सगळ्या तयार. उद्यापासून पिशव्या बंद."

"सगळ्या?" बू कचरा ढवळत होत्या. "काय म्हणाल्या रे?"

"इंगिह म्हणाल्या. एकजात सगळ्या. वर हसल्यासुद्धा."

बूंनी फावडं पिंपाला टेकवलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मग एकीनेही हो म्हटलेलं नाही, बाबा."

आता इंगिह म्हणजे हो, हे जावातल्या शेंबड्या पोराला कळतं. आणि इंगिह म्हणजे हो नव्हे, हेही त्याच पोराला कळतं. थोरामोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्यांच्या पुढ्यातलं ताट लाथाडणं. म्हणून इंगिह. तुमचं ऐकलं, इंगिह. तुम्ही मोठे आहात, इंगिह. आता उठा, मला भाजी निवडायची आहे, इंगिह. आपल्या 'बघू'ची सख्खी बहीणच म्हणा ना.

"मग नाही म्हणायचं झालं तर काय म्हणता तुम्ही लोक?" तोगारने वैतागून विचारलं.

"तेव्हाही इंगिहच," कोपऱ्यातून बारीक आवाज आला.

बोलली ती विगाती. येऊन बरेच दिवस झाले होते, पण तिचा आवाज त्या खोलीने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गुनुंग किदुलच्या चुनखडीच्या डोंगरातली पोर. पाणी जपून वापरणारी आणि शब्दही.

"आमच्याकडे नाही म्हणायचं तर टेबलावर हात आपटून म्हणतात," तोगार म्हणाला.

"म्हणून तुमच्याकडची टेबलं टिकत नाहीत," बू म्हणाल्या, आणि मग त्यांनी आपला तो धडा दिला, जो त्या दर सत्राला द्यायच्या. "हे बघा पोरांनो. 'कराल का?' असं कधी विचारायचं नाही. 'कसं कराल?' असं विचारायचं. जिला खरंच करायचंय ती सांगायला लागते, ग्लास अमक्याकडून आणीन, विसळायला भाचीला बसवीन. जिला नाही करायचं ती नुसती हसते. हसली की समजायचं. चहा प्यायचा, आभार मानायचे, परत यायचं. शब्दाकडे नाही बघायचं, तोंडाकडे बघायचं."

हा धडा तोगारच्या डोक्यावरून गेला, विगातीने गाठीला बांधला. ती कॅन्टीनमधल्या म्हाताऱ्या म्बोक जुमिराहजवळ जाऊन बसली आणि छोटे कांदे सोलू लागली. ग्लासाचं नाव काढलं नाही. असे पुष्कळ कांदे सोलून झाल्यावर म्हातारीच म्हणाली, "ग्लास फुटले तर भरून कोण देणार गं? आणि गर्दीच्या वेळी विसळू कधी मी?" विगाती पळत खोलीत आली. "बू, त्यांनी अडचण सांगितली!" आणि बूंनी तिच्या पाठीवर काळ्या हाताचा अख्खा पंजा उमटवला. अडचण सांगितली म्हणजे अर्धं काम झालं. सत्र निम्म्यावर यायच्या आत कॅन्टीनमध्ये ग्लास खणखणू लागले.

पोर बूंच्या मनात भरली. रविवारी ती त्यांच्या घरी जेवायला येऊ लागली. बूंचे यजमान पाक हार्तोयो, पिंजऱ्यातल्या कबुतरांचे षौकीन. ते तिला कोणतं पाखरू घुमतंय आणि कोणतं नुसतं कुरकुरतंय ते ओळखायला शिकवायचे. बू मोरीतून ओरडायच्या, "जगाला पाणी वाचवायला सांगते मी आणि घरचा नळ गळतोय. दुरुस्त करणार आहात का?"

"इंगिह," पाक हार्तोयो म्हणायचे आणि विगातीकडे बघून डोळे मिचकावायचे. पोर तोंडावर हात धरून हसायची. तिच्या हसण्याने घर कसं भरून जायचं, ते बू त्या रात्री नवऱ्याला सांगायच्या. आपण निवृत्त झालो की ही खोली हिच्या हातात द्यायची, हे त्यांनी मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं.

पण खोली राहील तर द्यायची. समितीतल्या एका प्राध्यापकांना तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. त्यातच राजधानीहून परीक्षक येणार असं कळलं. कोणतं विद्यापीठ किती हिरवं ते ठरवणारे. त्यांना काम पसंत पडलं तर खोली वाचली, नाही तर केळींसकट गेली. बूंची झोप उडाली. त्या स्वतः चार शिकल्यासवरल्या माणसांपुढे उभ्या राहिल्या की घसा बसायचा. तोगार बोलला असता, पण परीक्षक घाबरले असते. सगळी मदार विगातीवर. पिंपात काय होतं, ग्लास कसे आले, म्बोक जुमिराह काय म्हणाली, हे ती इतकं साधं, सुरेख सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही घरी जाऊन एक पिंप मांडावं.

त्याच आठवड्यात विगाती एका सकाळी खोलीत आली. बू पिंपांवर लावायच्या चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या. ती शेजारी बसून चिठ्ठ्यांना खळ लावू लागली.

"बू, यंदा आमच्याकडे टाकीतलं पाणी लवकर आटलं."

"हो का?"

"आईचा फोन होता. बापाकचा खोकला जरा वाढलाय म्हणे."

"दाखवलं का कुणाला?"

"दाखवलंय. काका आहेत तिथे. तसं विशेष काही नाही." तिने पुढच्या चिठ्ठीला खळ लावली. "माझी आठवण काढत होते म्हणे."

तिच्या बापाची खाणीत दगड फोडण्यात हयात गेली होती आणि छातीत चुना बसला होता, हे बूंना ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढे परीक्षक होते. "बापच तो, आठवण काढणारच," त्या म्हणाल्या. "हे बघ, शनिवारी ती मंडळी येऊन जातील. मग आठवडाभर जा की निवांत. तोवर थांबशील ना, न्डुक?"

न्डुक म्हणजे पोरी, लेकी. बू ते सगळ्याच मुलींना म्हणत, पण हिला म्हणताना आवाज वेगळा लागायचा.

विगातीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे इतका वेळ पाहू नये, त्याहून जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती हसली.

"इंगिह, बू."

"शहाणी माझी ती," बू म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी उचलली.

संध्याकाळी पाक हार्तोयो पिंजरे पुसत होते. बूंनी त्यांना सगळं सांगितलं. पोर थांबतेय, आता काळजी नाही. त्यांनी फडका खाली ठेवला. "ती इंगिह म्हणाली, की थांबते म्हणाली?"

"तुम्ही आधी तुमचा नळ बघा," बू फटकन म्हणाल्या. एरवी असं त्या कधी बोलत नसत. बूंना काही कळलं नाही, असं म्हणता यायचं नाही. कळलं होतं. पातेल्याच्या तळाशी भात लागल्याचा वास येतो, आणि पाहुणे दारात असतात म्हणून आपण तो आल्याचं नाकाला कळू देत नाही, तसं केलं त्यांनी.

शनिवारी परीक्षक आले. विगाती निळा पोशाख करून, हात पुढे जुळवून उभी राहिली आणि बोलली. बोलताना एकदाही अडखळली नाही. परीक्षकांतल्या एका बाईंनी तर वाकून खताची मूठ हातात घेतली आणि हुंगली. टाळ्या झाल्या. गाड्यांची जागा मागणारे प्राध्यापक सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. मग फोटो झाला, मग भाताचा पिवळा सुळका पानावर मांडून जेवण. "तू इकडे बैस पाहुण्यांजवळ," म्हणत बूंनी तिला दंडाला धरून बसवलं. तिची पिशवी, पिशवीतला फोन, सगळं मागे खोलीतच राहिलं.

तोगार तिची पिशवी घेऊन आला तेव्हा बू परीक्षकांना गाडीपर्यंत पोचवायला गेल्या होत्या. त्यांनी परत येताना एवढंच पाहिलं की तोगारची मोटारसायकल फाटकातून भरधाव बाहेर पडतेय आणि मागे निळा पोशाख आहे. त्यांना किंचित रागच आला. एवढं सगळं छान झालं, आणि न सांगता निघाली? पोरांना दम म्हणून नाही.

म्बोक जुमिराह कॅन्टीनच्या दारात उभी होती. हातात ग्लास तसाच. "बू," ती म्हणाली, "पोरीचे वडील गेले. सकाळीच गेले. काका फोन करकरून दमला."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? फोनवर नुसती 'इंगिह, इंगिह' करत होती. मग राहिलेल्या पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, 'मी पुढे होते' म्हणाली, आणि गेली."

बू पालुपी तिथेच बाकावर बसल्या. पानावरचा पिवळा भात कोणीतरी आवरत होतं. आज तो पिंपात टाकायचा की घरी न्यायचा, असं त्यांना कोणी तरी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावी निघाल्या. "येऊ का?" नवऱ्याने विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. साखर, तांदूळ, चहाची पुडी एका पिशवीत बांधून घेतली. बस डोंगर चढू लागली तशी दोन्ही बाजूंना सागाची निष्पर्ण झाडं आणि पांढरा दगड. गावाच्या वळणावर काठीला बांधलेलं पांढऱ्या कागदाचं मयताचं निशाण होतं. घर विचारावं लागलं नाही.

अंगणात चटया अंथरल्या होत्या. विगातीच्या आईने बूंचे दोन्ही हात हातात घेतले. बारीक, वाळलेली बाई, विगातीसारखेच डोळे. "बू, तुम्ही एवढ्या लांब आलात! तुमचं नाव या घरात रोज असतं बघा. गाती सारखी सांगायची, माझ्या बू अशा, माझ्या बू तशा." ती खरंच आनंदली होती, आणि तेच सोसवत नव्हतं. "हे शेवटी शेवटी विचारायचे, गाती आली का? मी म्हटलं, तिच्या बूंनी ठेवून घेतलंय तिला, मोठं काम आहे, राजधानीची माणसं येणार आहेत. तर म्हणाले, 'बरं तर.' गुरुवारी म्हणाले, बरं तर. शुक्रवारी म्हणाले, बरं तर. फुगून गेले होते हो मनातून. शेजाऱ्याला सांगितलं त्यांनी, राजधानीची माणसं माझ्या पोरीचं ऐकणार आहेत."

"आणि काल...?" बूंनी विचारलं.

"वाट पाहिली आम्ही. पण मातीला फार थांबवू नये म्हणतात. जनाजा उचलला, मुलांनी खालून वाकून जायचं असतं ना, गेलेल्याचा जीव मागे अडकू नये म्हणून? धाकट्याने बहिणीच्या वाटणीचंही वाकून घेतलं. तो आपला पुन्हापुन्हा जातोय खालून. शेवटी काकांनी धरला त्याला."

विगाती चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण ट्रे सरळ. गुडघे टेकून, पाहुण्याच्या उंचीच्या खाली राहून तिने बूंपुढे ग्लास ठेवला. "घ्या ना, बू. साखर पुरेशी आहे का बघा."

थोड्या वेळाने विगाती मागच्या टाकीवर भांडी घासायला गेली तशा बू उठून तिच्यामागे गेल्या. टाकीत तळाशी हातभर पाणी. ती करवंटीने थेंब थेंब मोजून घेत होती.

"न्डुक," बू म्हणाल्या, "माझं चुकलं. मला माफ करशील?"

"इंगिह, बू."

करवंटी पाण्यात बुडाली, वर आली. बू तिथेच उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी तो शब्द पारखला होता. तो कसा आला, कोणत्या तोंडाने आला, त्यांना बघायचीही गरज नव्हती. त्या खाली बसल्या, ओल्या दगडावर, तिच्या बरोबरीने. आणि शिकवलं होतं तसं विचारलं.

"परत कधी येशील? कशी येशील? मला सांग."

विगातीने हातातली बशी खाली ठेवली.

"म्बोतेन," ती म्हणाली.

नाही. तो शब्द इतक्या हळू आला की बूंना वाटलं, आपणच मनात म्हटला.

"परीक्षेला येईन," विगाती म्हणाली. "पदवी घेईन, बापाकना हवी होती. त्या खोलीत नाही येणार, बू. तुमच्या घरीही नको." तिचा आवाज चढला नव्हता. "हा शब्द मला त्या दिवशीच म्हणायचा होता. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही तर तुम्हाला तरी कळेल. तुम्हीच तर शिकवलंत."

"मला कळलं होतं," बू म्हणाल्या.

हे त्या का बोलल्या, त्यांनाही सांगता आलं नसतं. खोटं बोलून थोडी सुटका झाली असती. विगातीने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बशी उचलून घासू लागली. घासून स्वच्छ झालेली बशी ती घासतच राहिली.

बू निघाल्या तेव्हा आईने केळीच्या पानात कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा वाफवलेला भात बांधून दिला आणि लेकीला म्हणाली, "जा गं, बूंना बसपर्यंत सोड. त्यांना एकटं उभं करू नकोस." पाहुण्याला सोडायला जायचं ही रीत, आणि विगातीची रीत कधी चुकली नव्हती. दोघी फाट्यावर उभ्या राहिल्या. बस उशिरा आली. बूंना म्हणायचं होतं, तू जा, आईजवळ बस. पण म्हणाल्या नाहीत. काही न बोलता का होईना, ती शेजारी उभी आहे, एवढं तरी राहू दे असं त्यांना वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली. बस आली. विगातीने त्यांची पिशवी आत चढवली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, नेहमीसारखाच, आणि मागे सरकली. तो हात बूंनी नंतर कितीतरी वेळ मांडीवर उताणा ठेवला होता.

शेजारच्या सीटवर बाजाराला निघालेली एक बाई होती, मांडीवर कोंबडीची टोपली. तिने बूंचे काळे कपडे पाहिले, सुजलेलं नाक पाहिलं. "कोणाकडे गमी झाली का हो?"

"हो."

"जवळचं कोण?"

"माझी एक..." बू थांबल्या. "एक मुलगी होती माझ्याकडे. शिकायला."

"अगं बाई!" बाईने टोपली बाजूला सारून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोर गेली का?"

"नाही, नाही," बू पालुपी घाईघाईने म्हणाल्या. "ती आहे. ती बरी आहे. तिचे वडील गेले."

आणि मग त्या भर बसमध्ये, तोंडाला पदरासारखा रुमालाचा शेव लावून, अशा रडू लागल्या की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं, आणि त्या अनोळखी बाईला कळेना की पोर जिवंत असताना ही माउली एवढी का रडतेय.